याले भोक कुठी हाये?

मागच्या दिवाळीच्या आधी ऑनलाईन सेल लागला होता त्यात मी नवा फोन घेतला. सोयाबीन विकून हातात थोडे पैसे आले होते आणि जुन्या फोनचा डिस्प्ले असा फुटला होता की कोणाचा फोन येऊन राह्यला ते वाचायला फोन उन्हात तिरपा धरावा लागे, एकदा खताच्या दुकानदाराचा समजून कट केला तो सासऱ्यांचा निघाला. कुरिअरवाला आमच्या गावात येत नाही, फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर पार्सल ठेवून फोन करतो, तिथून आणलं आणि अंगणात बाजेवर बसून खोकं उघडलं. शेजारची दोन पोट्टी, माय, बायको, सगळे भोवती. पोट्ट्यांनी कॅमेरा पाहिला, मायनं किंमत विचारली (मी दोन हजार कमी सांगितली), आणि बाबांनी कोपरीच्या खिशातून आपला हॅण्डफ्री काढला.

हा हॅण्डफ्री कधीकाळी पांढरा होता. आता मातीच्या रंगाचा. डाव्या कानाचं रबर गेलेलं, पिनच्या मुळाशी वायर उघडी पडली तिथं सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली. बाबांनी फोन हातात घेतला, वरची कड पाहिली, खालची पाहिली, दोन्ही बाजू पाहिल्या, चष्मा लावून पुन्हा खालची पाहिली, आणि म्हणाले,

"काऊन बे, याले भोक कुठी हाये?"

मी म्हटलं खालीच आहे, द्या इकडे. खाली चार्जिंगचं होतं. त्याच्या बाजूला स्पीकरची जाळी. वर एक माईकचं भोक होतं, त्यात शिवणाची सुई जाईल इतपत. मी फोन चारी बाजूंनी फिरवला, कव्हर काढून फिरवला, जणू कव्हरच्या खाली लपलं असेल. नव्हतंच.

आणि लाजेची गोष्ट अशी की मी दीड वर्ष दारव्ह्याला मोबाईलच्या दुकानात रिपेअरिंगला होतो. लोकांना फोन घेऊन देणारा माणूस मी. रॅम पाहिली, बॅटरी पाहिली, चार्जर किती वॅटचा ते पाहिलं, पण जॅक, म्हणजे हॅण्डफ्रीची पिन लावायचं ते गोल भोक, आहे का हे पाहायचं डोक्यातच आलं नाही. बैल घेताना आपण दात मोजतो, खांदा पाहतो, चालवून पाहतो, शेपूट हाये का हे कोण पाहते.

बाबांना त्या भोकाचं एवढं काय, ते आधी सांगतो, कारण शहरातल्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला अरे बड्स घेऊन दे ना त्यांना हजार रुपयांचे, मिटला विषय.

आमच्याकडे शेतीची लाईन एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा आला की हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री वावरात जावं लागते, हिवाळ्यात, आणि तिथं दुसरं काही करायचं नसते, एक सरी भरली की दुसरीकडे पाणी वळवायचं आणि मधल्या वेळात धुऱ्यावर बसायचं. बाबा तेव्हा रेडिओ ऐकतात. जुन्या फोनातला एफएम, आकाशवाणी यवतमाळ, आणि ते बंद झालं की मग फोनात भरून दिलेली भजनं. पण एकाच कानात लावतात. दुसरा कान मोकळा ठेवतात, डुकरांसाठी. रानडुक्कर हरभऱ्यात घुसलं की त्याचा आवाज येतो, रोही आले तर ढेकळं फुटल्याचा येतो, ते ऐकू आलं पाहिजे. स्पीकरवर का नाही लावत विचारलं तर म्हणतात, माह्या आवाजानं जनावर हुशार होते, मंग ते दुसऱ्या धुऱ्यानं येते. आता हे खरं की खोटं मला माहीत नाही पण चाळीस वर्षं जागली केलेल्या माणसाशी मी वाद घालत नाही.

आता त्या वावरात टॉवर कुठं असते, तर चिंचेखाली दोन काड्या आणि विहिरीजवळ शून्य. म्हणजे ऑनलाईन रेडिओ वगैरे विसरा. एफएमला टॉवर लागत नाही, पॅक लागत नाही, रिचार्ज संपला तरी चालते. त्याला लागते ती वायर. हे पुष्कळ जणांना माहीत नसते की फोनात एफएम लावताना "हेडफोन लावा" असं जे येते ते तुमच्या कानासाठी नसते, ती वायरच अँटेना असते. एफएमची लाट शंभर मेगाहर्ट्झच्या आसपासची, म्हणजे लांबीला तीन मीटर, आणि तिच्या चौथाईएवढी म्हणजे पाऊण मीटर तार मिळाली की ती चांगली पकडते. हॅण्डफ्रीची वायर साधारण तेवढीच, थोडी जास्त. म्हणून बाबा आवाज खरखरला की वायर मानेमागून घेऊन दुसऱ्या खांद्यावर टाकतात, त्यांना लाटेची लांबी कोणी शिकवली नाही, पण करतात ते बरोबर करतात.

२०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या आयटी खात्यानं मोबाईल बनवणाऱ्यांच्या संघटनांना सांगितलं होतं की ज्या फोनात एफएमचा रिसीव्हर आहे तिथं तो बंद करून ठेवू नका, पूर, वादळ अशा वेळी लोकांना रेडिओच कामी येतो. बातमी वाचली तेव्हा मी खूष झालो होतो. आता माझ्या नव्या फोनात एफएमचं ॲप आहे, एकदम चकाचक, ते उघडलं की म्हणते हेडफोन लावा. कुठं लावू राजा?

तर बड्स घेऊन दे म्हणणाऱ्या मित्रा, हे असं आहे. बड्सची अँटेना होत नाही. आणि बड्सना चार्जिंग लागते, त्यांच्या डबीलाही लागते, आणि ज्या आठवड्यात रात्रीची लाईन असते त्या आठवड्यात बाबा दिवसभर झोपलेले असतात, डबी कोण लावणार. आणि काळ्या मातीच्या ओल्या सरीत रात्री दोन वाजता एक बोंड कानातून पडलं तर ते पुढच्या वर्षी वखरताना सापडेल. वायरवालं पडलं तर गळ्यात लटकते.

बोंड वरून आठवलं. हे सगळं ज्यांच्यापासून गाजलं ते ॲपलवाले, ७ सप्टेंबर २०१६ ला आयफोन ७ दाखवला तेव्हा. जॅक काढला आणि त्यांचा एक मोठा साहेब, फिल शिलर, स्टेजवर म्हणाला की हे करायला "करेज" लागते, हिंमत. लोकांनी तेव्हा लय टिंगल केली. खरं तर ते काही पहिले नव्हते, ओप्पोनं २०१२ मध्येच एक बिनजॅकचा फोन काढला होता आणि २०१६ मध्ये मोटो झेड आयफोनच्या आधी आला होता तोही बिनजॅकचाच, पण मोठ्या घरचं लग्न झालं की तारीख त्यांचीच धरली जाते. त्याच दिवशी त्यांनी एअरपॉड पण दाखवले. भारतात ते आले १५,४०० रुपयांना. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ४,१६० रुपये क्विंटल. म्हणजे पावणेचार क्विंटलच्या आसपास कापूस वेचून, गाडीत भरून, जिनिंगवर रांगेत उभं राहून विकावा तेव्हा ती दोन पांढरी बोंडं कानात जाणार. मी दुकानात बसल्या बसल्या हा हिशोब एका गिऱ्हाईकाला सांगितला होता तर तो म्हणे, याच्यात सरकी पण नाही निंघत.

मग बाकीचे. गुगलनं पिक्सेलच्या जाहिरातीत आमच्याकडे जॅक आहे म्हणून चिमटा काढला आणि पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, पिक्सेल २ मधून काढून टाकला. सॅमसंगनं पण जाहिरातीत आयफोनवाल्यांची मजा घेतली आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये नोट १० आला तो बिनजॅकचा. गावात एकजण दुसऱ्याच्या पोराला दारू पितो म्हणून नावं ठेवते अन् दोन वर्षांनी त्याचंच पोरगं नालीत सापडते, तसं.

कारणं काय देतात तर जागा वाचते, पाणी जात नाही. पाण्याचं मला पटत नाही, सॅमसंगचाच २०१६ चा एस ७ होता, जॅक पण होता आणि पाण्यात बुडवला तरी चालायचा, आयपी ६८ म्हणतात त्या धूळ-पाणी आत न जाण्याच्या दर्जाचा. जागेचं थोडं पटते. फोन उघडून पाहिलेला माणूस आहे मी, जॅकचा सॉकेट आतमध्ये खोल असतो, चांगली बोटाच्या पेराएवढी जागा खातो, आणि आत बॅटरीसाठी एकेक मिलीमीटरची मारामारी असते. पण आयफोन ७ लोकांनी उघडला तेव्हा जॅकच्या जागी एक प्लॅस्टिकचा तुकडा निघाला होता, कंपनीनं सांगितलं की हवेच्या दाबासाठी आहे तो. असेल. आणि सोनीच्या एक्सपीरिया १ मध्ये जॅक नव्हता, तो २०२० च्या मॉडेलात परत आणला की नाही, म्हणजे आणायचा ठरवला तर बसते.

दुकानात असताना आम्ही एक व्हिडिओ पाहिला होता, स्कॉटी अ‍ॅलन नावाचा अमेरिकन माणूस, चीनमध्ये शेन्झेनच्या बाजारात पार्ट घेत घेत फिरला आणि त्यानं २०१७ मध्ये स्वतःच्या आयफोन ७ मध्ये जॅक बसवला, खराखुरा, चालणारा. त्यासाठी त्यानं आत बसेल असं सर्किट बनवलं, कित्येक आठवडे घालवले, कितीक स्क्रीन फोडल्या. आम्ही दोघं जण गिऱ्हाईक ताटकळत ठेवून तो पूर्ण पाहिला. मालक ओरडला. पण आमच्या धंद्यातल्या माणसासाठी ते म्हणजे कुस्तीची फायनल पाहण्यासारखं होतं.

जॅकचं मला आवडायचं ते हेच, की तो कळायचा. म्हातारा आहे तो, शंभर वर्षांच्या वरचा, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बाया बसून हातानं पिना लावून लाईन जोडायच्या, ती पाव इंची जाड पिन, तिचाच हा नातू. आजही मंडपातल्या साऊंडवाल्याच्या मशीनला माईकची जी जाड पिन लागते ती आजाच आहे. आणि मोबाईलची साडेतीन मिलीमीटरची. पिन हातात घेऊन पाहा, हॅण्डफ्रीची असेल तर तीन काळ्या रेघा दिसतील, त्यांनी चार भाग पडतात, टोकाचा भाग डावा कान, मग उजवा, मग अर्थिंग, मग माईक. बस. काही जुन्या फोनात शेवटचे दोन उलटे असायचे, मग नवा हॅण्डफ्री त्यात लावला की ढोलकी ऐकू यायची आणि गाणाऱ्याचा आवाज जसा विहिरीतून, आणि बटण दाबून धरलं की नीट. लोक म्हणायचे हॅण्डफ्री खराब आहे, आम्ही म्हणायचो तुमचा फोन जुन्या वळणाचा आहे. वायर तुटली तर पिन कापायची, तांब्याच्या वायरवरचं रंगीत लाखेचं कोटिंग लायटरनं जाळायचं, नवी पिन सोल्डर करायची, वीस रुपये. त्यातले दहा मालकाचे.

आता त्याचे दोषही सांगतो नाहीतर म्हणाल एकतर्फी आहे. आमच्या भागात जॅकचा खरा दुश्मन म्हणजे कापूस. फोन खिशात, खिशात कापसाचे तंतू, ते भोकात जाऊन बसतात, वर धूळ, वर घाम, दाबून दाबून आत त्याची गोळी होते. मग पिन पूर्ण जात नाही. किंवा त्याच्याहून वाईट, आत एक बारकी पट्टी असते जी पिन आली की सरकते आणि फोनला कळते की हेडफोन लागला, ती पट्टीच त्या ओल्या कचऱ्यानं फसते आणि फोनवर हेडफोनचं चिन्ह कायमचं बसते. मग समोरच्याचा आवाज स्पीकरमधून येतच नाही. असे फोन हंगामात दिवसाला दोन-तीन यायचे, लोक घाबरलेले असायचे की स्पीकर गेला आता हजार रुपये लागतील. आम्ही झाडूची काडी घ्यायचो, टोकाला थिनरचा थेंब, हळूच फिरवायची. एका बाईच्या फोनातून एवढा कापूस निघाला की मालक म्हणे वातीला पुरेल. तीस रुपये घ्यायचो त्याचे, आता लिहितो तर वाटते जास्तच घेत होतो.

आणि वायर अडकते हे खरंच आहे. कापूस वेचताना बायका कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत वाकलेल्या असतात, वायर फांदीत गुंतते, सुकलेल्या बोंडाच्या काट्यांत अडकते, एक झटका की फोन खाली. माझ्या बायकोनं त्यासाठीच गळ्यातला नेकबँड घेतला आणि ती त्यावर समाधानी आहे, वेचता वेचता माहेरी बोलते तासतास, आणि दोन्ही हात मोकळे. भरतीची तयारी करणारी पोट्टी पहाटे रोडवर धावतात, त्यांच्यासाठी पण ब्लूटूथच बरं, वायर छातीवर आपटते. गाडीवर तर विचारूच नका (तसं गाडीवर कानात काही घालूच नये, पण घालतात).

पण हीच पोट्टी संध्याकाळी पारावर गेम खेळायला बसली की परत वायर शोधतात. कारण ब्लूटूथवर आवाज उशिरा येतो, फोन आवाज दाबून बारीक करतो, पाठवतो, बड्स ते उलगडतात, यात सेकंदाचा बारका भाग जातो, गाण्यात कळत नाही पण बंदुकीच्या आवाजात कळते. आधी मरतो, मग गोळीचा आवाज येतो. त्यात एकाकडे भारी फोन, बिनजॅकचा, शहरातल्या भावानं दिलेला, आणि बाकी सगळ्यांकडे आठ-दहा हजारवाले जॅकवाले, तर तो भारी फोनवालाच हरतो. मी हे रोज पाहतो आणि मला त्यात सुख मिळते, का ते विचारू नका.

बरं मी फोन परत केला का, तर नाही. खोकं उघडताना पोट्ट्यांनी फाडलं होतं आणि माझाही हावरटपणा, कॅमेरा चांगला होता. म्हटलं कन्व्हर्टर घेऊ. बाजारात एका पथारीवाल्याकडे ऐंशी रुपयांत मिळाला, एकीकडे टाईप सी, दुसरीकडे भोक. विचारलं चालते का, तो म्हणे सगळ्याले चालते भाऊ. घरी लावला, काही नाही. फोनला कळलंच नाही की काही लावलं आहे. आणि हे मला तरी कळायला पाहिजे होतं. हे कन्व्हर्टर दोन जातीचे असतात. एक नुसता वायरीचा जोड, त्यात फोननंच सी पोर्टमधून तयार आवाज बाहेर काढावा लागतो, काही फोन काढतात, काही काढत नाहीत. दुसऱ्यात एक चिप असते, ती आकड्यांचा आवाज बनवते, ते काम आधी फोनच्या पोटात व्हायचं. दिसायला दोन्ही एकसारखे, विकणाऱ्यालाही माहीत नसते. मग यवतमाळहून चिपवाला आणला साडेतीनशेचा. तो चालला. गाणी वाजली, भजनं वाजली. एफएमचं ॲप उघडलं तर म्हणते हेडफोन लावा.

शिवाय तो लावला की चार्जिंग लावता येत नाही. आणि एक गोष्ट जी कोणी बोलत नाही. गोल पिन भोकात फिरते. खिशात वायर कुठंही ओढली गेली तरी ती आपली गोल फिरते, सॉकेटला त्रास नाही. टाईप सी ची पिन चपटी, ती फिरत नाही, ती हलते, खालीवर, आणि खिशात बसता उठता कन्व्हर्टरचा दांडा तिला तरफ मारतो. दुकानात सगळ्यात जास्त काम चार्जिंग पोर्टचं यायचं. जॅक खराब झाला तर फोनचा जॅक गेला, पोर्ट खराब झाला तर फोन गेला, कारण चार्जच होत नाही. म्हणजे एका खुंट्यावर आधी एक बैल बांधत होते, आता दोन बांधतात आणि म्हणतात आम्ही गोठ्यात जागा केली.

पण मला खरं डोक्यात बसलं ते चुलतभावाच्या हळदीला.

साऊंडवाला आमच्याच गावचा. त्याची पद्धत अशी की मशीनला एक जुना फोन लावून ठेवतो, सिम नसलेला, त्यात सगळी गाणी, साडेतीनच्या वायरीनं जोडलेला. त्या दिवशी तो फोन चालूच होईना. बॅटरी फुगली होती, मी पाहिलं आणि म्हटलं हा लावू नको, बाजूला ठेव. मग सगळे माझ्याकडे, तुह्या नवा हाये ना फोन, दे. मी काढून दाखवला. साऊंडवाल्यानं हातात वायर धरून फोन चारी बाजूंनी पाहिला, अगदी बाबांनी पाहिला होता तसाच, आणि काही न बोलता परत दिला. ते काही न बोलणं मला लागलं. कन्व्हर्टर घरी, बाबांच्या उशाशी.

मग ब्लूटूथ लावलं. मशीनवर होतं ब्लूटूथ, कोणीतरी जोडलं, गाणी सुरू झाली, बायका नाचायला लागल्या, सगळं छान. अर्ध्या तासानं गाणं मध्येच थांबलं. रिंग वाजली, दोन्ही भोंग्यांवर. आणि मग एक बाईचा आवाज, एकदम स्वच्छ, गावाच्या वेशीपर्यंत जाईल असा, "सर तुमचा गाडीचा हप्ता बाकी आहे, दोन महिने झाले, आज किती वाजेपर्यंत भरता?"

मंडपात शांतता. नवरीकडचे पाहुणे आलेले. आणि कोणाला कळेना फोन कोणाचा आहे! साऊंडवाला मशीनची बटणं दाबून राह्यला, एकजण ओरडला वायर काढ, वायर असती तर काढली असती. बाई बोलतच होती, तिनं गाडीचा नंबर पण वाचला. शेवटी मांडवामागे भाताच्या कढईजवळ नवरदेवाचा मामेभाऊ उभा, हातात झारा, खिशातला फोन वाजला म्हणून सवयीनं उचलून कानाला लावलेला, आणि हॅलो हॅलो म्हणतो आहे कारण त्याला कानात काहीच ऐकू येत नव्हतं, सगळं भोंग्यावर जात होतं. त्यानं कधीतरी मागच्या लग्नात त्या मशीनला जोडला असेल फोन, तो आपोआप परत जोडला गेला. गाणी ज्याच्या फोनवरून चालू होती तो त्या वेळी खताच्या पोत्यावर बसून जेवत होता.

आता लोक त्याला हप्तेवाले मामा म्हणतात. तीस वर्षांचा पोरगा आहे. हप्ता त्यानं दुसऱ्याच दिवशी भरला म्हणे.

तेव्हापासून मला कोणी विचारलं की जॅक काढायला पाहिजे का, तर मी म्हणतो वायरीचं दुसरं टोक दिसते. कोणाचा फोन लागला आहे ते दिसते, काढायचा कसा ते लहान पोराला कळते, आजीला कळते, पासवर्ड नाही, परवानगी नाही, "जोडायचे का" असं विचारणं नाही. १९७९ चा सोनीचा पहिला वॉकमन होता ना, त्याला तर दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकावं म्हणून. एसटीत आम्ही कॉलेजला जाताना एक कान माझा एक कान मित्राचा असंच ऐकत गेलो तीन वर्षं. बड्समध्ये पण एकेक देता येते हे मान्य, पण दुसऱ्याच्या कानातलं ते बोंड परत घेऊन आपल्या कानात घालायचं, मला तरी किळस येते. (वायरवाल्याची येत नव्हती, हे बरोबर आहे, तर्क विचारू नका.)

माझं म्हणणं एवढंच की ज्याला साठ-सत्तर हजाराच्या फोनात नको आहे त्यांनी काढावा, त्या गिऱ्हाईकाकडे बड्सलाही पैसे आहेत, हरवले तर दुसरे घ्यायलाही आहेत. पण आठ, दहा, बारा हजाराच्या फोनात काढू नका. त्या फोनात घरातले चार जण एकाच फोनवर असतात. सध्या स्वस्तातल्या पुष्कळ फोनात जॅक आहे अजून, आणि गंमत म्हणजे जे फुकट मिळायला पाहिजे ते गरिबाच्या फोनात आहे आणि श्रीमंताच्या नाही, असं फार कमी गोष्टींत होते. मला भीती अशी की माझा फोन काही महागातला नव्हता, तेरा हजाराचा होता. म्हणजे हळूहळू खाली येऊन राह्यलं आहे ते. आणि आपण सेलमध्ये पाहतच नाही. मी नाही पाहिलं.

तर बाबांचं काय झालं. मी म्हटलं जुना फुटक्या डिस्प्लेवालाच तुम्ही ठेवा, पण त्यात त्यांना स्टेशन बदलताना काच बोटाला लागे. शेवटी संक्रांतीच्या आधी त्यांना घेऊन दारव्ह्याला गेलो, माझ्याच जुन्या मालकाकडे, साधा बटणांचा फोन घ्यायला. बाबांनी तीन फोन हातात घेतले, एकाचाही स्क्रीन पाहिला नाही, आधी उलटे करून भोक पाहिलं. मालक हसला, म्हणे बाबा, आता याच्यात वायर न लावता पण एफएम चालते, आतच अँटेना आहे. आणि लावून दाखवलं. खरंच चाललं. हॅण्डफ्री न लावता, काउंटरवर ठेवलेल्या फोनवर आकाशवाणी, बाजारभाव चालू होते. मी गप्प झालो, माझी अर्धी केस तिथंच गेली.

बाबांनी तोच घेतला. पहिल्या रात्री वावरात नेला आणि सकाळी आले तर हॅण्डफ्री लावलेलाच. म्हटलं, आता कायले लावता, बिनवायरीचं चालते ना.

म्हणाले, "इहिरीपाशी खरखर करते ते. वायर लावली का साफ येते. अन् डुक्कर आलतं राती, वरच्या धुऱ्यानं. हरभऱ्याची एक पात खाल्ली त्यानं."

एका कानात होतं ना, मग ऐकू नाही आलं का, विचारलं.

"झोप लागली होती," म्हणाले, आणि पिनवरची ट्यूबची पट्टी सुटली होती ती पुन्हा गुंडाळत बसले.